दत्तक गाव, महाविद्यालय आणि वाडीची पाण्याची वही

नमस्कार. तुमचा प्रश्न मी सावकाश दोनदा वाचला. रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान महाविद्यालयात तुम्ही नुकतेच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला आहात, राष्ट्रीय सेवा योजना आणि हरित परिसर समिती या दोन्हींची जबाबदारी तुमच्याकडे आली आहे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट दीड वर्षाने आहे, आणि प्राचार्यांनी सौर पॅनेल, एक हजार रोपे व एक दत्तक गाव असा आराखडा हाती दिला आहे. यातले टिकणारे काय आणि सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. याच किनारपट्टीवर मी सत्तावीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्यातला बराच काळ विस्तारकार्यात गेला, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. योजनांची आपल्याकडे वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून, म्हणजे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षापासून चालू आहे. तिच्यात स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करतो. २०१४ साली उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणारे उन्नत भारत अभियान आले आणि पुढे सहभागी संस्थेने किमान पाच गावांशी जोडून घ्यावे असे ठरले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांकही (क्रेडिट) मिळू लागले. अडचण आहे ती माणसांच्या बदलण्याची. विद्यार्थी तीन वर्षांनी जातो. सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याची मुदत तीन वर्षांची, फार तर एक वर्ष वाढते. सरपंच बदलतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे की, करणारी सगळी माणसे तीन-चार वर्षांत बदलणार हे ठाऊक असताना कोणते काम त्यांच्यामागेही चालू राहील?

याचे उत्तर काही प्रमाणात तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. महाविद्यालय खाडीकाठी असेल तर पाण्याचा प्रश्न मचूळ विहिरींचा असतो, सह्याद्रीच्या पायथ्याशी असेल तर आटणाऱ्या झऱ्यांचा, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असेल तर पाणी मुळात थांबतच नाही याचा. अनुदानित संस्थेत शिक्षकांना थोडी सवड असते. विनाअनुदानित संस्थेत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडून रविवार मागणे योग्य नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते सड्याच्या उतारावरील वाड्यांमधल्या माझ्या अनुभवातून आले आहे, हे लक्षात घेऊन वाचावे.

माझे पहिले शिबिर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. सत्र परीक्षा संपलेल्या, हवा चांगली, विद्यार्थी मोकळे, म्हणून सगळी महाविद्यालये तेव्हाच शिबिरे घेतात. साठ विद्यार्थ्यांनी दोन दिवस राबून गावाच्या पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा घातला. पाणी तेव्हा करंगळीएवढे वाहत होते. फोटो निघाले, वर्तमानपत्रात बातमी आली, अहवालात ‘जलसंधारण’ असा मथळा पडला, आणि दहा दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा बंधाऱ्यामागे ओलसर वाळू तेवढी होती. ज्यांच्या मळ्यातून पऱ्या जातो ते आजोबा शिबिरभर काहीच बोलले नव्हते. चहा देताना एवढेच म्हणाले, “बाई, दिवाळीच्या वक्ताला आला असतात तर पाणी अडलं असतं.” आम्ही त्यांना आधी विचारलेच नव्हते.

आजोबांचे म्हणणे भूगोलाच्या पुस्तकातलेच होते आणि ते मी वर्गात शिकवतही होते. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथला जांभा खडक सच्छिद्र आहे. तो पाणी भराभर पितो आणि खालच्या चिकणमातीच्या थरावरून तितक्याच भराभर झऱ्यांवाटे सोडून देतो. उतार तीव्र आणि समुद्र जवळ, त्यामुळे सप्टेंबरात पायाला ओढ देणारा पऱ्या जानेवारीत आटतो. अडवायचे तर प्रवाह शिल्लक असताना, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबर संपेपर्यंत. नेमके तेव्हा गावात भातकापणी आणि झोडणी असते, आणि महाविद्यालयात परीक्षा. दोन्ही वेळापत्रके एकमेकांना छेद देतात आणि नेहमी गावाचेच वेळापत्रक मोडले जाते.

आम्ही त्यातून काढलेला मार्ग फार अवघड नव्हता. शिबिर जानेवारीतच ठेवले, कारण त्याचे नियम आणि अनुदान ठरलेले असते. बंधारा मात्र वर्षाच्या नियमित १२० तासांत घेतला. झोडणी उरकल्यानंतरचे दोन रविवार गावाने ठरवून दिले आणि साठांऐवजी वीस विद्यार्थी गेले. पोती गच्च न भरता पाऊण भरली, म्हणजे ती एकमेकांत नीट बसतात. तोंडे शिवली, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत थर रचले आणि पाण्याच्या बाजूने चिखल थापला. त्या वर्षी पाणी फेब्रुवारीपर्यंत थांबले आणि मळ्यात कुळथासोबत थोडी भाजी झाली. एक चूक तेव्हाही राहिली, ती तुम्ही करू नये. मे महिन्यात पोती काढली नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात बंधारा फुटला आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या वाहत जाऊन खाडीच्या कांदळवनाच्या मुळांत अडकल्या. पुढच्या वर्षापासून पोती मोजून घालायची आणि मे अखेरीस मोजून काढायची, असा नेम ठेवला.

पण बंधाराही दरवर्षी नव्याने घालावा लागतो. माणूस बदलला की तो बंद पडू शकतो, आणि माझ्यानंतर दोन वर्षे तो बंद पडलाही होता. जे बंद पडले नाही, ते काम बंधाऱ्याहून खूप लहान होते.

बंधाऱ्यामुळे विहिरींना किती फायदा झाला, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण आधीची पातळी आम्ही मोजलीच नव्हती. मग ती स्वतःच्याच वाडीतली विहीर मोजू लागली. पहिल्या दिवशी ती दोरीला वजन बांधून पट्टी सोडत असताना पाण्याला आलेल्या एका काकूंनी तिला थांबवले आणि विहिरीच्या आतल्या चिऱ्यांचे, म्हणजे बांधकामातल्या जांभ्या दगडांचे, थर कठड्यापासून बोटाने मोजून दाखवले. “शिमग्याला सतरावा चिरा कोरडा दिसला, की मे महिन्यात इथं हंडा बुडत नाय. मग खालच्या वाडीला जायचं.” पट्टीने मोजल्यावर सतरावा चिरा साधारण साडेतीन मीटरवर निघाला. काकूंकडे वर्षानुवर्षांचे निरीक्षण होते, फक्त ते लिहिलेले नव्हते आणि ग्रामसभेत कोणी त्यांना विचारले नव्हते. त्या दिवसापासून वहीत दोन रकाने झाले, एक मीटरचा आणि एक चिऱ्यांचा.

ती वही हेच माझे उत्तर आहे. महाविद्यालयाकडे पंचायतीइतका पैसा नसतो, शासकीय यंत्रणेइतके अधिकार नसतात आणि शेतकऱ्याइतके मातीचे ज्ञानही नसते. मात्र दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, त्यांना मोजता येते, नोंद ठेवता येते, आणि आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी त्याच वाड्यांमधून एसटीने येणारे असतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण अशी विहीर प्रत्येक वाडीत असू शकत नाही. वाडीतली विहीर वाडीतल्याच मुलामुलींनी मोजायची.

पद्धत साधी ठेवावी. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, पहाटे पाणी भरायला सुरुवात होण्यापूर्वी, कठड्यावर रंगाने केलेल्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. तारीख, अंतर, मोजणाऱ्याचे नाव, आणि त्या पंधरवड्यात पंप लागला, गाळ काढला किंवा टँकर आला तर तेवढी एक ओळ. वर्षात चोवीस नोंदी होतात. यापेक्षा अधिक मागितल्या तर वही बंद पडते, हे मी अनुभवाने सांगते. मूळ वही वाडीत राहावी, आमच्याकडे ती अंगणवाडीच्या कपाटात असे, आणि दर जूनमध्ये तिची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जावी. मोजणारा विद्यार्थी शेवटच्या वर्षाला पोहोचला की वाडीतल्याच धाकट्या विद्यार्थ्याला एक पूर्ण उन्हाळा सोबत घ्यावे. एका घरातल्या तीन भावंडांनी पाठोपाठ ती वही सांभाळली आणि त्यातल्या मधल्या मुलाने तर महाविद्यालयात प्रवेशही घेतलेला नव्हता.

या नोंदींचा उपयोग काय होतो, ते एका उदाहरणावरून सांगते. वरच्या वाडीने नव्या विहिरीची मागणी केली होती आणि पंचायतीच्या आराखड्यात ती जवळजवळ धरलीही गेली होती. चार वर्षांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर दिसले की वरची विहीर दर वर्षी मार्चच्या मध्याला तळ गाठते, त्याच उतारावर आणखी एक विहीर खणली तरी तिचे तेच होणार, आणि मळ्यालगतची खालच्या वाडीची विहीर मात्र मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दीड मीटर पाणी राखून असते. म्हणजे नवी विहीर खणण्याऐवजी खालच्या विहिरीतून पाणी वर चढवणे स्वस्त होते. कागदावर हे पाच मिनिटांचे गणित आहे, पण प्रत्यक्षात दोन वर्षे गेली. खालच्या वाडीला भीती होती की आपल्यालाच पाणी पुरणार नाही, आणि दोन्ही वाड्यांत एक जुना मानपानाचा वाद होता. तो आमच्या आवाक्यातला नव्हता आणि आम्ही त्यात पडलो नाही. शेवटी शिमग्याला मुंबईकर मंडळी गावी आली असताना दोन्ही वाड्यांच्या मंडळांची बैठक झाली, वही मध्ये ठेवली गेली, आणि खालच्या विहिरीतले पाणी ठरावीक खुणेच्या खाली गेले की पंप बंद करायचा, अशी अट घालून संमती मिळाली. ती खूण दाखवण्यासाठी पुन्हा चिराच वापरला गेला. पंचायतीने पाइपलाइन केली, मंडळाने पंपाला हातभार लावला. महाविद्यालयाचा एक रुपयाही त्यात नव्हता.

इथे एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवावी. नोंदी पंचायतीपर्यंत वेळेवर पोहोचल्या तरच कामाच्या. पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. म्हणून पावसाळ्यात विद्यार्थ्यांनी मागच्या नोंदींचा एका पानाचा मराठी गोषवारा करावा, तो ऑगस्टमध्ये वाडीत वाचून दाखवावा, चुका दुरुस्त कराव्यात आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो वाडीतल्याच व्यक्तीने मांडावा. प्राध्यापकाने ग्रामसभेत मागच्या रांगेत बसावे. एक प्रत दुकानाच्या किंवा देवळाच्या भिंतीवर लागली पाहिजे. आपल्याकडची कितीतरी गावे सर्वेक्षणांना कंटाळली आहेत, कारण दर वर्षी नवी तुकडी येऊन तीच प्रश्नावली भरून नेते आणि उत्तरांचे पुढे काय झाले हे त्यांना कधीच कळत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, गावाच्या वेळापत्रकाने चालावे, मोजणी वाडीतल्या माणसांच्या हाती द्यावी आणि नोंद आराखड्याच्या वेळेला ग्रामसभेत पोहोचवावी. आता प्राचार्यांच्या आराखड्याकडे वळते.

हजार रोपांबद्दल मी स्पष्टच लिहिते. जुलैत लावलेले रोप फेब्रुवारी-मार्चमधले वणवे आणि मोकाट गुरे यांतून वाचले तरच त्याला रोप म्हणावे. पन्नास रोपे लावा, प्रत्येकाभोवती दगडांचा गडगा किंवा काट्यांचे कुंपण करा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. सडा उघडाबोडका दिसतो म्हणून तिथे झाडे लावण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात त्या कातळावर उमलणारी तेरड्यासारखी रानफुले आणि गवते हीच तिथली जीवसृष्टी आहे, आणि कातळशिल्पेही अशाच सड्यांवर आहेत. खड्डे खणण्यापूर्वी जागा पाहावी. खाडीकाठी असाल तर कांदळवन लागवडीचा आग्रह होईल. जिथे कांदळवन आपोआप येत नाही अशा उघड्या चिखलात मुळे आणि कालवे हे शिंपले वेचून घर चालवणाऱ्या बायका असतात. त्यांना न विचारता त्या चिखलात रोपे लावणे म्हणजे त्यांची चूल विझवणे. असलेले कांदळवन तोडू न देणे हे अधिक मोलाचे आहे, आणि २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे त्याला कायद्याचे बळही आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर चालवतात. विद्यार्थ्यांना एकदा तिथे घेऊन जावे.

सौर पॅनेलला माझा विरोध नाही, पण क्रम बदलावा. आधी वीज बिलांची बारा महिन्यांची नोंद काढावी. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा सुमारे ३५. शंभर पंखे दिवसाला सहा तास आणि वर्षाला २०० दिवस चालले, तर बदलामुळे वर्षाला ४८०० युनिट वाचतात, आणि तेवढ्याने पॅनेलची गरजही कमी होते. पॅनेल बसवताना खाऱ्या हवेत सांगाडा गंजणार नाही आणि वादळात टिकेल याची लेखी हमी घ्यावी. २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको.

छतावरच्या पाण्याचे गणित मात्र विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे, कारण त्याने डोळे उघडतात. १०० चौरस मीटर छतावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. गळती-उडती वगळून ८० टक्के धरले तरी दोन लाख चाळीस हजार. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर धरले तर एप्रिल-मेच्या साठ दिवसांना लागतात फक्त सहा हजार लिटर. पाऊस आपल्याकडे मुबलक आहे, कमी आहे ती टाकी. पहिल्या काही पावसांचे पाणी सोडून द्यावे आणि टाकीत उजेड जाऊ देऊ नये, म्हणजे पाणी टिकते.

हे सगळे पर्यावरण किंवा भूगोलाच्याच विद्यार्थ्यांचे काम नाही. आमच्या वाणिज्य शाखेच्या चार मुलींनी एका बचत गटाच्या कोकम आगळाचा उत्पादन खर्च मांडला तेव्हा कळले की बायकांनी रातांबे (कोकमाची फळे), मीठ आणि बाटल्या धरल्या होत्या. रातांबे फोडायला बसलेले स्वतःचे दिवस कुणीच धरले नव्हते. त्या हिशेबाने त्या तोट्यात विकत होत्या. पुढच्या मोसमात भाव वाढवला, थोडी गिऱ्हाइके गेली, पण गट टिकला. लेखांकन शिकलेल्या मुलींनी वाडीला दिलेली ती खरी सेवा होती, आणि समुदाय सहभागाचे श्रेयांक अशाच कामाला मिळावेत असे मला मनापासून वाटते.

गाव कोणते निवडावे, हे तुम्ही शेवटी विचारले आहे. जिथे तुमचे किमान आठ-दहा विद्यार्थी आज राहतात आणि जिथे पहिली ते तिसरी अशा सगळ्या वर्षांचे विद्यार्थी आहेत, ते गाव. रस्त्यालगतचे, छायाचित्राला सोयीचे किंवा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे गाव निवडू नये. पाच गावांचा आकडा कागदावर पूर्ण करावा लागला तर करावा, पण पहिली दोन वर्षे प्रत्यक्ष काम दोन वाड्यांतच ठेवावे. आणि गावात ‘दत्तक’ हा शब्द वापरू नये. पत्रव्यवहारात तो असू द्या, पण वाडीत बोलताना ‘आपण मिळून मोजतो आहोत’ एवढेच म्हणावे. नॅकची चिंता करू नका. आमच्याकडे आलेल्या समितीने छायाचित्रांचे अल्बम चाळून बाजूला ठेवले आणि हळद-तेलाचे डाग पडलेल्या त्या वहीवर अर्धा तास प्रश्न विचारले.

तुमच्या हातात दीड वर्ष आहे, म्हणजे नोव्हेंबर ते मे हा एक पूर्ण मोसम नक्की मिळेल. पाऊस थांबला की विद्यार्थ्यांची यादी घेऊन कोण कोणत्या वाडीतून येते ते लिहून काढा, दोन विहिरी ठरवा, कठड्यावर लाल रंगाची खूण करा आणि पट्टी सोडण्याआधी तिथे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा की शिमग्याला कितवा चिरा दिसतो.